फाइल प्रेसला जाण्याआधी: बडोद्यातल्या नव्या मराठी डिझायनरांसाठी

संध्याकाळचे सात वाजलेले असतात. मंडळाची कार्यक्रमपत्रिका उद्या सकाळी वाटायची असते. आणि प्रेसवाल्या भाईंचा फोन येतो: "बेन, फाइल तो मळी, पण अक्षर बधां तूटी गयां छे." म्हणजे फाइल मिळाली, पण अक्षरं सगळी तुटली आहेत.

हा फोन मी पहिल्या वर्षी तीनदा घेतला. तिन्ही वेळा चूक माझी होती, आणि तिन्ही वेळा मला वाटलं की स्क्रीनवर तर सगळं ठीक दिसत होतं. प्रेसला तुमची स्क्रीन दिसत नाही, फाइल दिसते. त्यात बडोद्याची एक खास अडचण आहे. इथला ऑपरेटर दिवसभर गुजराती लावतो, आणि गुजराती लिपीला शिरोरेषाच नसते. देवनागरी त्याला वाचता येते, पण मराठी मोडली तर ती त्याच्या डोळ्याला खुपत नाही. पुण्यात एखादा ऑपरेटर आपणहून म्हणेल, "ताई, हे 'ऱ्या' असं नसतं हो." इथे असं कुणी म्हणणार नाही. म्हणून जे सांगायचं ते सगळं फाइलमध्येच असायला हवं.

उदाहरणाला गणेशोत्सवाची पत्रिका घेऊ: ए-फोर कागद आडवा, दोन घड्या, तीन पट्ट्या, दोन्ही बाजूंना चार रंग. नवख्या माणसाकडे बहुतेक वेळा पहिलं काम हेच येतं.

पहिली पायरी: आधी फोन, मग सॉफ्टवेअर

रावपुऱ्याच्या गल्लीतला डिजिटल प्रिंटवाला आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला ऑफसेट प्रेस यांच्या मागण्या सारख्या नसतात. शंभर प्रती हव्या असतील तर डिजिटल, दोन-तीन हजार हव्या असतील तर ऑफसेट, हा ढोबळ हिशोब. ऑफसेटमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट निघते. चार रंगांच्या चार, दोन्ही बाजू धरल्या तर सहसा आठ. प्लेटा निघाल्यावर सापडलेली एक वेलांटीसुद्धा पैसे मागते.

फोनवर एवढं विचारा: कागद कोणता आणि किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), ब्लीड (कापाच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग) किती हवं, पीडीएफ चालेल की कोरलची, म्हणजे कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरची, फाइल लागेल, कोरल हवी असेल तर कोणत्या व्हर्जनमध्ये, घडी मशीनवर घालणार की हातानं. कोरलचं व्हर्जन विचारायला लाजू नका. बऱ्याच ठिकाणी जुनं कोरलच चालू असतं आणि नव्या व्हर्जनमधली फाइल तिथे उघडतच नाही. नवरात्र तोंडावर असेल तर तारीखही आधीच पक्की करून घ्या. गरब्याचे पास आणि पोस्टरं सुरू झाली की आपल्या पाचशे पत्रिका रांगेत मागे जातात, आणि त्यात प्रेसवाल्याचा दोष नसतो.

दुसरी पायरी: आकार आणि ब्लीड

ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. फाइल मात्र त्याहून मोठी हवी. कागद गठ्ठ्यानं कापला जातो आणि गठ्ठ्यात पातं केसभर इकडेतिकडे सरकतं. पार्श्वभूमीचा रंग बरोबर कडेला संपत असेल तर कापल्यावर पांढरी रेघ राहते. म्हणून रंग किंवा फोटो चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर काढायचा. आपल्या आडव्या पत्रिकेचा आकार मग ३०३ बाय २१६ होतो. ए-फाइव्ह असेल तर १४८ बाय २१० चं १५४ बाय २१६.

इनडिझाइन आणि इलस्ट्रेटरमध्ये नवी फाइल उघडतानाच ब्लीडचा रकाना असतो. फोटोशॉपमध्ये तो नाही, तिथे कॅनव्हासच मोठा घ्यावा लागतो. कॅन्व्हामध्ये 'शो प्रिंट ब्लीड' चालू करा आणि डाउनलोड करताना 'पीडीएफ प्रिंट' निवडून क्रॉप मार्क्स (कापाच्या खुणा) आणि ब्लीडवर टिक करा. नुसतं ब्लीड चालू करून भागत नाही, पार्श्वभूमी ओढून त्या पट्टीत भरावी लागते. ही चूक मी अजूनही दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या फाइलमध्ये बघते.

बाहेर ३ मिलिमीटर सोडले तसे आतही सोडा. अक्षर, लोगो, अध्यक्षांचा फोटो यातलं काहीही कापाच्या रेषेपासून ५ मिलिमीटरच्या आत आणू नका. आणि कडेला बारीक चौकट घालायचा मोह आवरा. काप अर्धा मिलिमीटर सरकला तरी एका बाजूची चौकट जाड आणि दुसरीची बारीक दिसते.

तिसरी पायरी: मराठी अक्षरं

इथे जरा थांबायला हवं, कारण बडोद्यातली निम्मी फजिती याच पायरीवर होते.

मजकूर तुमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो, म्हणजे युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या कोडमध्ये. प्रेसमध्ये मात्र बरेचदा श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फॉन्ट असतात. त्यांच्यात अक्षरांचे कोड वेगळेच. युनिकोड मजकुराला नुसता जुना फॉन्ट लावून भागत नाही, कन्व्हर्टरमधून बदलावा लागतो, आणि कन्व्हर्टर मराठीच्या खास जागांवर अडखळतो. सगळ्यात आधी बळी जातो तो अर्धचंद्री 'ऱ्य'. एका मंडळाच्या पत्रिकेत शेवटच्या दिवशी 'महाप्रसादाच्या आचाऱ्यांचा सत्कार' होता. छापून आलं 'आचार्यांचा सत्कार'. दोन-तीन ज्येष्ठ मंडळी शाल-श्रीफळाच्या वेळी आवर्जून आली आणि कोणते आचार्य येणार म्हणून विचारू लागली. आचारी बिचारा कढईपाशी उभा. कन्व्हर्टर मीच चालवला होता आणि प्रूफही मीच वाचलं होतं, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. तेव्हापासून मजकूर बदलला की मी आधी 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' शोधते, मग 'क्ष', 'ज्ञ', 'श्र', मग 'ॲ' आणि 'ऑ'.

शक्य असेल तिथे युनिकोडमध्येच काम करा. पण सॉफ्टवेअरला भारतीय लिपी जोडता येते का, हे आधी पाहा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमधला 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त दिसतात. इलस्ट्रेटर आणि जुन्या फोटोशॉपमध्येही टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांचा पर्याय चालू करावा लागतो. जुन्या कोरलमध्ये तर युनिकोड मराठी धड बसतच नाही.

भाषा 'मराठी' लावायला विसरू नका. अनेक फॉन्टांत 'ल' आणि 'श' यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात आणि भाषेच्या खुणेवरून फॉन्ट त्यातलं एक निवडतो. खूण नसेल तर हिंदी वळण येतं. कुणी पत्रिका परत करणार नाही, पण आजोबांना 'शके' वाचताना काहीतरी परकं वाटेल आणि काय ते सांगता येणार नाही.

आता फॉन्टबद्दल. इथल्या पत्रिकेवर प्रायोजकांच्या जाहिराती गुजरातीत असतात, त्यामुळे दोन लिप्या शेजारी येतात. दोन्हींत भाऊबंदकी असलेला फॉन्ट घेतला तर पान विस्कटत नाही. देवनागरीसाठी 'मुक्त' घेतला तर गुजरातीसाठी 'मुक्त वाणी' आहे, 'बलू'ची गुजराती आवृत्ती 'बलू भाई' आहे. हे सगळे फुकट मिळतात.

अक्षरांमधलं अंतर वाढवायला जाऊ नका. इंग्रजी शीर्षक ऐसपैस केलं की छान दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. स्क्रीन लहान असेल तर ही फट दिसतही नाही, कागदावर मात्र दिसते.

सगळं वाचून झालं की फाइलची प्रत काढा, मूळ फाइल बाजूला ठेवा, आणि प्रतीतल्या अक्षरांचे कर्व्ह करा. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. कर्व्ह झालं की अक्षर म्हणजे चित्र. प्रेसमध्ये फॉन्ट असो-नसो, ते मोडत नाही. तसंच ते दुरुस्तही होत नाही, म्हणून मूळ फाइल हवीच.

देवनागरीत कर्व्ह केल्यावर आणखी दोन खोड्या निघतात. शिरोरेषा जोडलेली राहावी म्हणून अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात. कोरलमध्ये ती सगळी 'कंबाइन' केली तर चढलेल्या जागी पांढरे ठिपके पडतात. तिथे अक्षरं एकसंध जोडणारं 'वेल्ड' वापरा. दुसरं, शीर्षकाला बाहेरून रंगीत कड दिली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर उभी रेघ उमटते आणि 'गणेशोत्सव' कुंपणासारखा दिसतो. कड अक्षराच्या मागे टाका, नाहीतर आधी वेल्ड करून मग कड द्या.

चौथी पायरी: फोटो

छपाईला फोटो त्याच्या छापायच्या आकारात ३०० पीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल, लागतो. गणित सोपं आहे: पिक्सेलला ३०० नं भागा, इंच मिळतात. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा मूळ फोटो ४००० बाय ३००० असतो, म्हणजे सव्वातेरा इंच रुंद छापता येतो. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला की लांब बाजू बरेचदा १६०० च्या आसपास उरते, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. एका पट्टीपुरता तो चालेल, मुखपृष्ठावर मोठी मूर्ती हवी असेल तर नाही. कार्यकर्त्यांना सांगा, "फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा." हे दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं.

लहान फोटोचा आकडा फोटोशॉपमध्ये ७२ चा ३०० केला म्हणून नवे तपशील उगवत नाहीत. फेसबुकवरून उतरवलेला लोगो घेऊ नका. मूळ व्हेक्टर फाइल (रेषांनी आखलेली, कितीही मोठी केली तरी न फाटणारी) मागा, आणि नसेलच मिळत तर पुन्हा आखून काढा, अर्ध्या तासाचं काम असतं. मांडवाबाहेरच्या फ्लेक्सला मात्र हे माप लावू नका. १० बाय ४ फुटांचा फलक लोक रस्त्याच्या पलीकडून वाचतात, त्याला खऱ्या मापात ७२ ते १०० पीपीआय पुरतात. फाइल उगाच फुगवली तर ती फ्लेक्सवाल्याच्या मशीनवर अडकते. फ्लेक्सची माहिती फुटांत द्या, आणि कडेला रिंगा किंवा पाइपासाठी जागा सोडा. नाहीतर भोक नेमकं अध्यक्षांच्या कपाळावर येतं.

पाचवी पायरी: रंग, आणि त्यातही काळा

स्क्रीन प्रकाशानं रंग दाखवते, कागदावर शाई बसते. म्हणून फाइल सीएमवायकेमध्ये हवी: सायन, मॅजेंटा, यलो आणि काळा. स्क्रीनवरचा झळाळता हिरवा, विजेसारखा निळा आणि फ्लोरोसंट केशरी शाईत उतरत नाहीत. गणपतीच्या कामात भगव्याची तक्रार हमखास येते. मी मॅजेंटा ५५, यलो १००, बाकी शून्य इथपासून सुरुवात करते आणि सायन अजिबात येऊ देत नाही. सायन थोडा जरी मिसळला तरी भगवा मळतो. आर्ट पेपरवर तोच रंग उजळ दिसतो, मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, शाई शोषली जाऊन बसका होतो. ग्राहकाला हे छपाईच्या आधीच सांगून ठेवा.

आता काळा. मजकूर फक्त 'के' १०० मध्ये, म्हणजे निव्वळ काळ्या शाईत, हवा. आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतली, फाइल सीएमवायके केली की काळं अक्षर चारही रंगांत वाटलं जातं. फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ते सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, काळा ९० असं होतं. चार प्लेटा केसभर सरकल्या की प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते. मराठीत याचा त्रास जास्त, कारण अनुस्वार आणि रफार मुळात मोहरीएवढे.

लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये राजा रविवर्म्याची चित्रं बघून आपण हरखतो. पण घराघरांत पोचले ते त्याचे छापील देव, १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यातून निघालेले. ती कल्पना त्याला सुचवली होती बडोद्याचे दिवाण राहिलेल्या सर टी. माधवरावांनी. त्या शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे, आणि सगळे दगड एकमेकांवर नेमके बसले नाहीत तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर येई. दगडांच्या जागी प्लेटा आल्या, रंग एकावर एक बसवायची कटकट तीच आहे.

म्हणून गडद फोटोवर पांढरी अक्षरं टाकायची असतील तर ती ठसठशीत घ्या. नऊ पॉइंटाची बारीक अक्षरं चार रंगांत उलटी, म्हणजे पांढरी, काढली की अनुस्वार शाईनं भरतात. 'गंध'चा 'गध' होतो.

मोठा काळा पट्टा नुसत्या 'के'मध्ये राखाडी दिसतो. तिथे सायन ४०, मॅजेंटा ३०, यलो ३०, काळा १०० असा भरीव काळा घ्या. चारही रंग १०० मात्र कधीच नको. तेवढी शाई वाळत नाही आणि गठ्ठ्यातल्या वरच्या पत्रिकेच्या पाठीवर उमटते. आर्ट पेपरवरही चारही शाया मिळून ३०० टक्क्यांच्या आत ठेवा. पांढऱ्या वस्तूवर चुकून 'ओव्हरप्रिंट' (खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापणं) लागलं असेल तर ती छापताना नाहीशी होते, स्क्रीनवर मात्र दिसत राहते. एकदा ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू चालू करून पाहिलं की हा घोळ तिथेच पकडला जातो.

सोनेरी रंग चार शायांतून मिळत नाही, पिवळट तपकिरी मिळतो. लग्नपत्रिकेवर, म्हणजे प्रेसच्या भाषेत कंकोत्रीवर, खरं सोनेरी फॉइल हवं असेल तर तेवढा भाग वेगळ्या फाइलमध्ये, त्याच जागी, शंभर टक्के काळ्यात द्या. त्यात अर्ध्या पॉइंटापेक्षा बारीक रेघ नको.

सहावी पायरी: घड्या

२९७ ला तीनानं भागून ९९ची पट्टी करणारे सगळे एकदा फसतात. जी पट्टी आत दुमडते ती जरा लहान हवी, नाहीतर ती आत फुगते आणि घडी बसत नाही. १००, १०० आणि ९७ घ्या. आतल्या बाजूनं पाहताना ९७ची पट्टी उजवीकडे येते, बाहेरच्या बाजूला ती डावीकडे जाते. गोंधळ झाला तर कोरा कागद घ्या, दुमडा, प्रत्येक पट्टीवर काय येणार ते पेननं लिहा आणि उलगडून पाहा. मी अजूनही तसंच करते. हा कागद फाइलबरोबर प्रेसला दिला तर ऑपरेटरही खूश असतो.

पत्रिकेऐवजी स्मरणिका असेल आणि मधोमध पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. चौदा पानांची स्मरणिका पिनेत बसत नाही. दोन जाहिराती आणखी मिळवा किंवा दोन पानं कमी करा.

सातवी पायरी: पीडीएफ, तपासणी, पाठवणी

प्रेसनं वेगळं सांगितलं नसेल तर पीडीएफ/एक्स-१ए हा छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार निवडा. त्यात सगळं सीएमवायकेमध्ये जातं आणि पारदर्शक सावल्या सपाट होतात, त्यामुळे जुन्या यंत्रणेवर अडचण येत नाही. नव्या ऑफसेटवाल्यांना त्याचाच नवा प्रकार, एक्स-४, चालतो.

अ‍ॅक्रोबॅट प्रो हाताशी असेल तर 'आउटपुट प्रीव्ह्यू' उघडा आणि काळ्या प्लेटवरची टिक काढा. सगळा काळा मजकूर गायब झाला पाहिजे. कुठे काही उरलं असेल तर ते चार रंगांत आहे. याहून भरवशाची तपासणी मला माहीत नाही, आणि तिला दहा सेकंद लागतात. मग वर्गणीसाठी छापलेला क्यूआर कोड खऱ्या मापात घरच्या प्रिंटरवर काढून दोन वेगवेगळ्या फोनांनी स्कॅन करा. तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, पांढऱ्यावर काळा हवा, भोवती मोकळी जागा हवी. पैसे बरोबर खात्यात जातात का, हे खजिनदारांसमोरच एक रुपया पाठवून बघा.

फाइलला नाव द्या ते 'फायनल-फायनल-२' असं नको. मंडळ, काम, माप, तारीख असं नाव ठेवा. जुनी फाइल पाठवली गेली असेल तर फोन करून ती प्रेसमधल्या कॉम्प्युटरवरून काढायला सांगा. नाहीतर दोन्हींपैकी जुनीच छापली जाते. हे का होतं ते मला आजवर कळलेलं नाही, पण होतं. पाठवताना ईमेल किंवा ड्राइव्हची लिंक, व्हॉट्सअ‍ॅप असेल तर डॉक्युमेंट म्हणून. सोबत दोन ओळी लिहा, आणि बडोद्यात त्या गुजरातीत लिहिल्या तर उत्तमच: किती प्रती, कोणता कागद, कापल्यावरचं माप, घडी कशी.

आठवी पायरी: प्रूफ

फोनवर आलेल्या जेपीजीवर 'ओके' म्हणू नका. छापील प्रूफ मागा, प्रेसमध्ये जाऊन बघा. रंगाचं प्रूफ ज्या कागदावर छपाई होणार त्यावर निघालं तर सोन्याहून पिवळं, नाहीच तर निदान मजकुराचं साधं प्रूफ तरी काढून घ्या. ते दोघांनी वाचा, आणि त्यातला एक जण मजकूर लिहिणारा नको. आधी नावं वाचा, मग तारखा आणि वार ताडून बघा, मग फोन नंबर फोनवर लावूनच बघा. देणगीदारांची यादी मंडळातल्या एखाद्या काकूंकडून वाचून घ्या. कोणाचं आडनाव 'दिक्षित' नाही 'दीक्षित' आहे, हे त्यांना पाठ असतं.

प्रूफवर सही करताना तारीख घाला आणि त्याचा फोटो काढून ठेवा. आणि गठ्ठे घ्यायला जाल तेव्हा वरची पत्रिका बघून परत येऊ नका. मधल्या गठ्ठ्यातून एक ओढून काढा, घडी उघडा, 'ऱ्य' बघा, मगच रिक्षात टाका.